कपाटावर वाजलेला व्हायोलिन कॉन्चेर्टो

व्हायोलिन वाजवणाऱ्या माणसाचे किस्से फारसे होत नाहीत. तो पेटी काखेत मारतो, स्कूटरला किक मारतो आणि जातो. किस्से होतात ते ज्याच्या वाद्याला टेम्पो लागतो त्याचे. आमच्या ऑर्केस्ट्रात असा एकच माणूस होता, मिलिंद साळवे. आम्ही जुनी मंडळी अजूनही कुणाच्या लग्नात, कुणाच्या साठीला भेटलो, की पहिल्या चहाला गुडघ्यांच्या चौकशा होतात आणि दुसऱ्या चहाला कुणीतरी म्हणतंच, "तो कांद्याचा टेम्पो आठवतो का?" मग कुणी घरी जायचं नाव काढत नाही. परवा भाची म्हणाली, "मावशी, एकदा सगळं सलग सांग ना." आता सलग ते घडलंच नाही, तर सांगणार कसं? आठवेल तसं सांगते.

* * *

तेव्हा पुण्यात गल्लोगल्ली कंप्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या. ज्याला त्याला मुलगा अमेरिकेला पाठवायचा होता. अशा दिवसांत कॅम्पातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी आम्ही पंधरा-वीस माणसं वेस्टर्न क्लासिकल वाजवायला जमायचो. कुणी बँकेतले, कुणी कॉलेजात शिकवणारे, एक दातांचे डॉक्टर, आणि मी. मी विमा कंपनीत नोकरीला, राहायला नारायण पेठेत आणि वाजवायला सेकंड व्हायोलिनमध्ये, म्हणजे चालीला खालून साथ करणाऱ्या व्हायोलिनांत. सगळ्यांच्या वर मिस परेरा. त्यांनी कॅम्पातल्या तीन पिढ्यांना व्हायोलिन शिकवलं होतं, आणि आम्हाला त्या पहिल्या खुर्चीवर बसून स्वतः वाजवतच चालवायच्या. अंगाने काटकुळ्या, आवाज मऊ, आणि बोलणं थोडक्यात.

आमच्याकडे सगळं होतं, फक्त डबल बास नव्हता. डबल बास म्हणजे व्हायोलिनच्याच कुटुंबातलं थोरलं वाद्य. माणसापेक्षा उंच, उभं राहून मिठी मारल्यासारखं धरून वाजवायचं. त्याचं काम एकच, सगळ्यांच्या खालून घुमत राहायचं. बास आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. नसला, की मात्र लगेच येतं.

एका रविवारी मिलिंद बास घेऊन आला. सॉफ्टवेअर कंपनीत इंजिनिअर, खडकीचा, उंचापुरा आणि बोलायला लाजरा. सांगितलं ते त्याने वाजवून दाखवलं. मिस परेरा खूश झाल्या. म्हणाल्या, "पुढच्या संडेपासून ये. वेळेवर."

"मिस, एक विचारायचं होतं," मिलिंद म्हणाला. "मला कॉन्चेर्टो वाजवायचाय."

कॉन्चेर्टोत एक जण पुढे उभा राहून वाजवतो आणि बाकी सगळा ऑर्केस्ट्रा त्याला साथ करतो. आपली मान तेवढी जराशी वर करून मिस परेरांनी विचारलं, "बाससाठी लिहिलेले फार नाहीत. कुठला?"

त्याने सांगितला. आम्ही एकमेकांकडे बघितलं. तो व्हायोलिनचा कॉन्चेर्टो होता. व्हायोलिन शिकणारा प्रत्येक जण ज्याची स्वप्नं बघतो त्यांपैकी एक.

"त्याला व्हायोलिन लागतं, बाळा."

मिलिंदने आपल्या हातांकडे बघितलं. त्याचा पंजा तव्याएवढा. म्हणाला, "धरून बघितलं होतं, मिस. हातात हरवतं."

मिस परेरा हसल्या नाहीत. "आधी बास वाजव. मग बघू," म्हणाल्या. 'मग बघू' याचा अर्थ पुण्यात सगळ्यांना कळतो. मिलिंद जन्माने पुणेकर, त्यालाही कळला असणार. पण पुढच्या रविवारी तो त्या कॉन्चेर्टोचं पहिलं पान पाठ करूनच आला.

* * *

पान पाठ झालं म्हणजे वाजलं असं नव्हे. व्हायोलिनवर जिथे करंगळी सहज पोचते, तिथे बासवर अख्खा हात उचलून न्यावा लागतो. वरच्या सुरांसाठी तर वाद्यावर ओणवं व्हायचं आणि डाव्या हाताचा अंगठासुद्धा तारेवर टेकवायचा. व्हायोलिनवर जी ओळ चिमणीसारखी उडून जाते, ती बासवर वाजवणं म्हणजे म्हशीला फुगडी खेळायला लावणं. हे मिलिंदचंच वाक्य. त्यामुळे रियाज रोज, कंपनीची बस यायच्या आधी.

लग्नानंतर त्याने शनिवार पेठेत भाड्याने फ्लॅट घेतला होता, दुसऱ्या मजल्यावर. खाली जोग म्हणून गणिताचे निवृत्त शिक्षक. एके सकाळी ते वर आले. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट.

"नमस्कार. मी खालचा जोग. आपण नवीन आलात वाटतं?"

"दिवाळीनंतर आलो, काका."

"मग सामान अजून लागलेलं नाही?"

"लागलं की."

"नाही, रोज सकाळी कपाट सरकवल्याचा आवाज येतो. म्हटलं, सांगावं. कुठली भिंत पाहिजे ती घ्या, पण एकदाच काय ते ठरवा."

मिलिंदने ओशाळून त्यांना आत नेलं आणि बास दाखवला. जोगकाकांनी पाठीमागे हात बांधून त्याला एक प्रदक्षिणा घातली.

"हे वाद्य आहे?"

"हो काका. त्रास होत असेल तर मी वेळ बदलतो."

"नको, नको. वाद्य असेल तर चालू द्या. मला वाटलं, घरात निर्णय होत नाहीये."

हे मिलिंदने आम्हाला सांगितलं आणि त्या दिवसापासून ऑर्केस्ट्रात बासचं नाव 'कपाट' पडलं. पुढे एकदा मिलिंद तापाने पडला. दोन-तीन दिवस रियाज नाही. जोगकाका परत वर आले.

"कपाट विकलं का?"

"नाही काका, ताप आहे."

"असं होय," ते म्हणाले आणि खाली गेले. संध्याकाळी खालून मऊ भात आणि मेतकूट आलं.

* * *

आता तो कांद्याचा टेम्पो.

बास रिक्षात मावत नसे. बसच्या कंडक्टरने एकदा त्याला दारातच थांबवून, "मयताचं सामान वेगळ्या गाडीने न्यायचं," असं सांगितलं होतं. शेवटी मिलिंदच्या शाळेतला एक मित्र, संतोष, मदतीला आला. संतोषचा मार्केट यार्डात टेम्पो होता. रविवारी पहाटेचा माल उतरवला की तो बास घेऊन कॅम्पात सोडायचा.

एका रविवारी माल होता कांद्याचा, आणि बासच्या कापडी खोळीने वाटेत सगळा वास पिऊन घेतला. नेमका त्याच दिवशी मिलिंद कॉन्चेर्टोचा मधला, संथ भाग मिस परेरांना पहिल्यांदा ऐकवणार होता. इतके महिने त्या 'बघू'वर थांबल्या होत्या. हॉलच्या खिडक्या बंद, कारण वाऱ्याने आमचे नोटेशनचे कागद उडायचे. खोळ तिथेच खुर्चीवर टाकलेली.

मिलिंदने डोळे मिटून सुरुवात केली. थोड्या वेळात दातांच्या डॉक्टरांनी रुमाल काढला. मग मी पदर डोळ्यांना लावला. मिलिंदने मधेच डोळे उघडले, तर समोर मिस परेरा चष्मा काढून डोळे टिपताहेत. बिचाऱ्याला वाटलं, हे आपल्या वाजवण्यानेच. त्याने पुन्हा डोळे मिटले आणि जीव ओतून वाजवलं.

शेवटचा सूर विरला. हॉलमध्ये नुसते नाक ओढल्याचे आवाज.

"मिस," मिलिंदने हळूच विचारलं, "आवडलं?"

"बाळा, आधी खिडकी उघड. मग सांगते."

सगळ्या खिडक्या उघडल्या. खोळ बाहेर व्हरांड्यात नेऊन टाकली. मिस परेरांनी चष्मा स्वच्छ पुसून डोळ्यांवर चढवला आणि म्हणाल्या, "आता परत वाजव."

त्याने परत वाजवलं. हॉलमध्ये आता छान मोकळी हवा होती. मिस परेरांनी चष्मा मात्र पुन्हा काढला.

* * *

कंपनीत कुणाला याचा पत्ता नव्हता. मग एचआरमधल्या एका मुलीला कुठून तरी कळलं आणि तिने त्याला वार्षिक समारंभात वाजवायला उभं केलं. मिलिंदने खूप विचार करून कॉन्चेर्टोमधला असा तुकडा निवडला, जिथे ऑर्केस्ट्रा गप्प होतो आणि एकटा वाजवणारा आपलं सगळं कसब पणाला लावतो. त्या तुकड्याला साथीची गरज नव्हती, म्हणून. मी आणि माझे यजमान मुद्दाम ऐकायला गेलो होतो.

स्टेजवर जाऊन मिलिंदने वाद्य लावलं, वाकला आणि वाजवायला लागला. तो तुकडा बसवायला त्याला जवळजवळ वर्ष लागलं होतं. त्या दिवशी एकही सूर इकडचा तिकडे झाला नाही. मी हाताची घडी घट्ट करून बसले होते. आजूबाजूला लोक गप्पा मारत सामोसे खात होते.

वाजवून झालं. मिलिंद घाम पुसत उभा राहिला. सूत्रसंचालन करणारा मुलगा माइक घेऊन आला आणि प्रसन्नपणे म्हणाला, "मिलिंद सर, साउंड चेक झालं असेल तर सुरू करूया?"

मिलिंदने त्याच्याकडे बघितलं, समोरच्या गर्दीकडे बघितलं.

"झालं," तो म्हणाला, आणि बास उचलून खाली आला.

त्याचा राग कुणावरच नव्हता. आम्हाला म्हणाला, "ताई, हॉलचा आवाज खरंच चांगला होता." पुढच्या वर्षी कंपनीने त्याला साउंड सिस्टिमच्या कमिटीत घेतलं.

* * *

मिस परेरांनी कॉन्चेर्टो करायचा ठरवला आणि ऑर्केस्ट्राबरोबर तालमी सुरू झाल्या. तिथे वेगळीच पंचाईत. व्हायोलिन पुढे असलं की त्याचा सूर सगळ्यांच्या वरून तरंगत जातो. बासचा सूर खालचा. तो पुढे उभा राहिला तरी आवाज आमच्या पायाखालून जायचा. आम्ही साथ करायला लागलो की मिलिंदचे नुसते हात हलताना दिसायचे.

"हळू," मिस परेरा म्हणाल्या.

आम्ही हळू वाजवलं.

"अजून हळू. तो बोलतोय, तुम्ही ऐकताय, असं वाजवा."

अजून हळू. तरी त्यांची मान नकारार्थीच. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तेच. शेवटी मी कंटाळले. म्हटलं, यापेक्षा हळू माझ्या हातून होणे नाही. मी गज तारांपासून बोटभर वर धरला आणि नुसता इकडून तिकडे फिरवत राहिले. मला बघून माझ्या शेजारणीनेही तेच केलं. तिचं बघून मागच्या रांगेने.

मिस परेरांचा चेहरा एकदम उजळला.

"सेकंड व्हायोलिन, ब्यूटिफुल," त्या म्हणाल्या. "कॉन्सर्टला अगदी असंच."

* * *

आणि अशात मिलिंदला कंपनीने अमेरिकेला पाठवायचं ठरवलं.

त्या काळात घरी अशी बातमी आली की लोक सोसायटीभर पेढे वाटत. मिलिंदनेही पेढे आणले, पण त्याचा चेहरा पेढे वाटणाऱ्याचा नव्हता. नाही म्हणावं तर नोकरीत मागे पडणार. हो म्हणावं तर कॉन्चेर्टो राहणार. मिस परेरांनी पेढा घेतला आणि म्हणाल्या, "जा. कॉन्चेर्टो इतकी वर्षं थांबलाय, अजून थोडा थांबेल."

बायकोही बरोबर जाणार होती, त्यामुळे फ्लॅट सोडला आणि बास आमच्याकडे आला. नारायण पेठेतल्या आमच्या बाहेरच्या खोलीत तो ठेवला, तेव्हा यजमानांची वाचायची खुर्ची स्वयंपाकघरात गेली. येणारा-जाणारा विचारायचा, "हे काय?" यजमान पेपरातून डोकं न काढता सांगायचे, "पाहुणे आहेत. चहा घेत नाहीत."

दर शनिवारी खडकीहून मिलिंदचे वडील यायचे, वाद्याला हात फिरवायला. साळवेकाका सैन्याच्या बँडमध्ये होते. परेडला मोठा तुतारीसारखा बाजा खांद्यावर घ्यायचे आणि मेसमध्ये साहेब लोकांच्या जेवणाला बास वाजवायचे. मिलिंद शिकला तो त्यांच्याकडेच. एकदा मी त्यांच्या घरी गेले होते. पुढच्या खोलीत बुद्धाची मूर्ती आणि तिच्या वर भिंतीवर बँडचा फोटो. काकांना त्या फोटोत शोधावं लागलं. पुढच्या माणसाच्या टोपीमागे त्यांचा अर्धा चेहरा होता.

आमच्याकडे आले की काका बास पुसायचे, लावायचे आणि जरा वेळ वाजवायचे. दोन सूर, परत तेच दोन सूर. म्हटलं, "काका, गाणं कुठलं हे?"

"गाणं पुढच्या लायनीत असायचं, ताई. आमची लायन मागची."

एका शनिवारी मी माझं व्हायोलिन काढलं आणि मिलिंदच्या कॉन्चेर्टोतली ती संथ चाल अडखळत वाजवायला लागले. काकांनी खालून साथ धरली. मी चुकले की ते थांबायचे, मी निघाले की निघायचे. माझ्यासारखीला कुणी अशी साथ केली नव्हती. वाजवून झाल्यावर मी म्हटलं, "काका, आता उलटं करू. चाल तुम्ही वाजवा, साथ मी करते."

त्यांनी गज खाली ठेवला.

"नको," म्हणाले. "पुढं कोण आहे ते दिसल्याशिवाय मला वाजवता येत नाही."

* * *

मिलिंद परत आला आणि कॉन्सर्टचा दिवस ठरला. तेव्हा कुठे मिस परेरांच्या लक्षात आलं की आमचा एकुलता एक बासवाला पुढे उभा राहणार, मग मागे बास कोण वाजवणार? मिलिंद म्हणाला, "बाबा आहेत." शाळेच्या अडगळीत एक जुना बास पडून होता, तो काकांनी स्वतः डागडुजी करून उभा केला. त्यांची एकच अट होती, की त्यांना अगदी मागे, भिंतीपाशी उभं करावं.

त्या संध्याकाळी हॉल भरला होता. जोगकाका पहिल्या रांगेत होते. कार्यक्रम चांगला झाला, कॉन्चेर्टो पुरा वाजला, लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळीही आल्या. मधे काय झालं ते त्या चार ओळींत नव्हतं.

झालं असं. पहिला भाग नीट पार पडला. संथ भागात तर मिलिंदने हॉल असा धरून ठेवला की कुणी खोकलं नाही. शेवटचा, पळता भाग सुरू झाला आणि बंदुकीतून गोळी सुटावी तसा आवाज आला. मिलिंदच्या बासची सगळ्यांत वरची तार तुटली होती. चाल सगळी त्याच तारेवर.

आम्ही एकेक करून थांबलो. एकट्याने वाजवणाऱ्याची तार तुटली की शेजारच्याने आपलं वाद्य पुढे करायचं, असा रिवाज आहे. सवयीने मिस परेरांनी आपलं व्हायोलिन पुढे केलं. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी ते हळूच परत मांडीवर घेतलं. प्रेक्षकांत थोडं हसू झालं. मिलिंद लोंबणाऱ्या तारेकडे बघत उभा होता.

मागून लाकडाचा आवाज आला. साळवेकाका आपला बास उचलून निघाले होते. आम्ही खुर्च्या सरकवल्या, स्टँड बाजूला घेतले. एका स्टँडवरचे कागद खाली पडले. काका कुणाकडे न बघता, वाद्य सांभाळत, सगळ्या रांगा ओलांडून पुढे आले. दिव्यांच्या उजेडात ते डोळे बारीक करत होते. त्यांनी आपला बास मिलिंदच्या हातात दिला आणि त्याचा स्वतःकडे घेतला.

मिलिंदने एक तार हळूच छेडली आणि तो थबकला. का, ते मला लगेच कळलं. पुढे उभं राहून वाजवायचं म्हणून त्याने अमेरिकेहून खास तारा आणल्या होत्या. त्या नेहमीपेक्षा एक सूर वर लावायच्या असतात. काकांचा बास मात्र साथीचा, नेहमीसारखा लावलेला. म्हणजे परत आल्यापासून जे बोट जिथे पडायची सवय झाली होती, तिथे आता चुकीचा सूर निघणार. प्रत्येक बोट सरकवून ठेवायचं, तेही त्या पळत्या लयीत.

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसले होते. मिलिंदचं बोलणं आमच्या रांगेपलीकडे कुणाला ऐकू गेलं नसेल.

"बाबा, हा खाली लावलाय."

"किती?"

"एक सूर."

काकांनी मुलाकडे बघितलं.

"मग तू वर जा," ते म्हणाले, आणि तुटकी तार लोंबणारा तो बास मिठीत घेऊन आमच्या खुर्च्यांमधून वाट काढत मागे भिंतीपाशी गेले.